१८ ग्रॅम उरली हे कळलं, पण ३३ ग्रॅम साखर गेली कुठे? : वाचकांचे प्रश्न

बोंडवांचे, म्हणजे काजूच्या फळांचे, दिवस संपत आले की माझ्याकडे येणारे प्रश्नही आंबायला लागतात. यंदा एकाच आठवड्यात सत्तरी, पेडणे, म्हापसा, फोंडा, मडगाव असे पाच ठिकाणचे प्रश्न आले आणि पाचही प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, साखर होती तेवढी दारू का होत नाही. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण त्या मुलीने आकडे नीट लिहून पाठवलेत, आणि आकडे असले की बोलता येतं.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर वाळपईजवळ. प्रोजेक्टसाठी आमच्याच भाटातल्या (बागेतल्या) बोंडवांचा नीरो (रस) घेतला आणि त्यात यीस्टच्या ऐवजी झायमोमोनस मोबिलिस हा बॅक्टेरिया वाढवला. नीरो ८० डिग्रीला १० मिनिटं गरम केला, ऑटोक्लेव (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) नाही केला कारण काळा पडतो. ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५० मिली, कापसाचा बोळा, शेकरवर १८० आरपीएम, ४८ तास, रूम टेंपरेचर. सुरुवातीला डीएनएसने (साखर मोजायची चाचणी) साखर लिटरला ११० ग्रॅम, शेवटी १८ ग्रॅम. अल्कोहोल लिटरला फक्त ३० ग्रॅम आलं. पुस्तकात झायमोमोनसचं यील्ड (होऊ शकणाऱ्या दारूपैकी झालेली दारू) ९५ टक्क्यांच्या वर लिहिलंय. वर्गातली मुलं म्हणतात की दारू जास्त झाली म्हणून बॅक्टेरियाच मेला असेल. फ्लास्क उघडला तेव्हा हिरव्या सफरचंदासारखा वास आला, तो बरोबर आहे का? सबमिशनला तीन आठवडे आहेत.

उत्तर : हे बघ बाय, आधी घाबरू नकोस, तुझा प्रयोग फुकट गेलेला नाही. तू वास लिहिलास ना, त्या एका ओळीने माझं अर्धं काम केलं.

पहिल्यांदा हिशेब मांडू. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५११ ग्रॅम इथेनॉल होतं, उरलेलं ०.४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. ही वरची हद्द आहे, यीस्ट असो नाहीतर बॅक्टेरिया, कुणालाच ती ओलांडता येत नाही. तुझ्याकडे ११० ग्रॅम होती म्हणजे ५६ ग्रॅम अल्कोहोल व्हायला हवं होतं, झालं ३०, म्हणजे ५३ टक्के. पण हा आकडा दोन वेगवेगळी दुखणी एकत्र करून सांगतो आणि तिथेच बहुतेक मुलं फसतात. १८ ग्रॅम साखर तर बॅक्टेरियाने खाल्लीच नाही, ती तिथेच आहे. खाल्ली ९२. त्या ९२ चं अल्कोहोल व्हायला हवं होतं ४७ ग्रॅम, झालं ३०, म्हणजे ६४ टक्के. ३० ग्रॅम अल्कोहोल करायला सुमारे ५९ ग्रॅम साखर पुरते. म्हणजे ३३ ग्रॅम साखर अशी आहे जी खाल्ली गेली पण तिची दारू मिळाली नाही. आता हे दोन आकडे वहीत वेगळे लिही, १८ आणि ३३. १८ चं कारण म्हणजे बॅक्टेरिया का थांबला किंवा का मंद चालला. ३३ चं कारण म्हणजे साखर दुसऱ्या वाटेने गेली किंवा झालेली दारू हातातून निसटली. यांची औषधं वेगळी आहेत, एकाचं दुसऱ्याला दिलं तर काही होत नाही.

३३ कडे आधी येते कारण ती मोठी आहे. तुझा शेकर आणि कापसाचा बोळा, मला तिथेच पहिला संशय. झायमोमोनसमध्ये शेवटच्या दोन पायऱ्या अशा आहेत, साखर फुटून झालेल्या पायरुवेटपासून ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि ॲसिटाल्डिहाइडचं अल्कोहोल करायला एनएडीएच लागतं. हे एनएडीएच म्हणजे पेशीच्या खिशातली चिल्लर समज. साखर फोडताना जेवढी चिल्लर मिळते तेवढीच शेवटच्या पायरीला लागते, हिशेब अगदी बरोबर जुळतो. पण तू फ्लास्क १८० आरपीएमवर हलवलास म्हणजे आत सारखी हवा जात राहिली, आणि झायमोमोनसला ऑक्सिजन मिळाला की तो हीच चिल्लर ऑक्सिजनवर खर्च करतो. मग शेवटच्या पायरीला पैसेच उरत नाहीत आणि ॲसिटाल्डिहाइड तसंच साठतं. त्याचाच तो हिरव्या सफरचंदाचा वास. ॲसिटाल्डिहाइड २० डिग्रीला उकळतं गं, मे महिन्याच्या गोव्यात ते फ्लास्कमध्ये थांबणार आहे का, कापसातून निघून जातं. जे थांबतं ते बॅक्टेरियाला विषारी. आणि त्याच बोळ्यातून थोडं थोडं अल्कोहोलही ४८ तास उडत होतं. मी स्वतः शिकत होते तेव्हा हीच चूक केली होती, तीन वेळा केली, कारण लॅबमध्ये सगळेच फ्लास्क शेकरवर जायचे आणि हा का जाऊ नये हे कुणी सांगितलं नाही. म्हणून तुला एवढं विस्ताराने सांगतेय.

दुसरी वाट बोंडवाच्या साखरेतच आहे. नीऱ्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही जवळजवळ सारखं असतं, आणि या बॅक्टेरियाकडे एक एन्झाइम आहे जे या दोघांना समोरासमोर बसवून अदलाबदल करतं, ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन करतं आणि फ्रुक्टोजचं सॉर्बिटॉल. ग्लुकोनोलॅक्टोनचं पुढे ग्लुकोनिक ॲसिड होतं पण सॉर्बिटॉल तो खात नाही, दाट साखरेत पेशीचं पाणी टिकवायला साठवून ठेवतो. नुसत्या ग्लुकोजच्या मीडियममध्ये हे होत नाही आणि पुस्तकातला ९५ च्या वरचा आकडा नुसत्या ग्लुकोजचा असतो. आता गंमत कुठे आहे बघ, सॉर्बिटॉल ही ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी रिड्युसिंग शुगर नाही आणि डीएनएस तेवढीच मोजतं, त्यामुळे डीएनएसला ते दिसतच नाही. म्हणजे डीएनएस म्हणतं साखर खाल्ली, आणि ती तिथेच सॉर्बिटॉल होऊन बसलेली असते. उलट बोंडवात व्हिटॅमिन सी भरपूर, टॅनिनही आहे, आणि हे दोन्ही डीएनएसमध्ये साखर असल्याचा आव आणतात. सुरुवातीला ११० मध्ये तो फरक छोटा, पण शेवटच्या १८ मधले दोन-तीन ग्रॅम खरे की खोटे हे सांगता येत नाही. त्यामुळे डीएनएसवर एकटं विसंबू नकोस, विद्यापीठात ओळख काढून चार सॅम्पल एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवून घे, त्यात सॉर्बिटॉल, ग्लुकोनिक, लॅक्टिक, सगळ्यांची शिखरं वेगवेगळी दिसतील.

तिसरी वाट म्हणजे पाहुणे. ८० डिग्रीला १० मिनिटांत लॅक्टिकवाले, म्हणजे लॅक्टिक ॲसिड करणारे बॅक्टेरिया, बहुतेक मरतात, पण नंतर गाळताना, भरताना, दर चार तासांनी बोळा काढून सॅम्पल घेताना परत येतात. लॅक्टोबॅसिलस शिरला तर त्याचे पुष्कळ प्रकार साखरेचं सरळ लॅक्टिक ॲसिड करतात आणि गॅस सोडत नाहीत. पीएच लिहून ठेवला असशील तर बघ, सुरुवातीपेक्षा बराच खाली गेला असेल तर ग्लुकोनिक किंवा लॅक्टिक दोघांपैकी एक बहुतेक आहेच.

पेशी वाढायला किती साखर गेली असेल असं विचारशील. फार नाही. यीस्टला एका ग्लुकोजमागे २ एटीपी, म्हणजे ऊर्जेची नाणी, मिळतात, झायमोमोनसला एकच, तो ज्या रस्त्याने साखर फोडतो त्याला एंटनर-डूडोरॉफ मार्ग म्हणतात. कमाई अर्धी म्हणून शरीर वाढवायला फार उरत नाही, खाल्लेल्या साखरेतले दोन-तीन टक्केच पेशींत जातात. आणि कमाई कमी म्हणून खातो मात्र भराभर, यीस्टच्या कितीतरी पट वेगाने. मला हा बॅक्टेरिया आवडतो तो याच्यासाठी. त्याची गरिबी आपल्या कामी येते.

आता १८. दारूने बॅक्टेरिया मेला हे वर्गातल्या मुलांचं म्हणणं मला पटत नाही. लिटरला ३० ग्रॅम म्हणजे आकारमानाने जेमतेम ३.८ टक्के, आणि झायमोमोनस ३० डिग्रीला १० टक्क्यांच्या पुढेही चालतो, त्याच्या आवरणात होपॅनॉइड नावाचे चरबीसारखे रेणू असतात ते त्याला आधार देतात. पण हे ३० डिग्रीला. तुझं रूम टेंपरेचर म्हणजे किती, ३३, ३४? शेकरच्या मोटरशेजारी आणखी जास्त. ३५ च्या पुढे गेलं की तीच दारू, तेवढीच दारू, त्याला जास्त झोंबते, आवरण गळकं होतं आणि तो साखर अर्धवट टाकून थांबतो. म्हणजे दारूचं विष आणि उष्णता यांना वेगळं करून बघता येत नाही, दोघं हातात हात घालून येतात. त्यात तू साठवलेलं ॲसिटाल्डिहाइड. त्यात नीऱ्यात नायट्रोजन कमी, तू वरून काही घातलं नाहीस, आणि झायमोमोनसला पँटोथेनेटसारखं व्हिटॅमिनही बाहेरून लागतं, ते यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून मिळतं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी तो लवकर थकतो. पण एक लक्षात ठेव, खुराक कमी पडला तर तो मंद होतो, साखर उरते, म्हणजे १८ वाढते. ३३ त्याने वाढत नाही. झायमोमोनस वाढ थांबली तरी साखरेची दारू करतच राहतो. पुष्कळ जण यील्ड कमी आलं की यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ओततात आणि मग यील्ड तेवढंच राहिलं म्हणून गोंधळतात.

तीन आठवड्यांत काय करायचं तर शेकर बंद. फ्लास्क बराच भर, रबरी बुच लाव, त्यातून नळी काढून पाण्यात बुडव म्हणजे गॅस बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. ३० डिग्रीचा इन्क्युबेटर मिळव, नाही मिळाला तर पाण्याच्या टबात ठेव आणि थर्मामीटर लाव. नीऱ्याच्या एका फ्लास्कमध्ये यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, अमोनियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकेक ग्रॅम लिटरला, दुसरा नुसता नीरो, आणि तिसरा नुसत्या ग्लुकोजचा, त्यातही खुराक घालून. तिसरा ९० च्या पुढे गेला आणि खुराकवाला नीरो मागे राहिला तर दोष तुझ्या हातात नाही, नीऱ्यात आहे, आणि तेच तुझ्या प्रोजेक्टचं उत्तर.

आणि रोज फ्लास्क वजन कर. खरंच सांगते, लॅबमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं यंत्र म्हणजे काटा. जेवढा कार्बन डायऑक्साइड गेला तेवढं वजन घटतं आणि त्या घटीला १.०५ ने गुणलं की अल्कोहोल. २५० मिलीत २७.५ ग्रॅम साखर आहे, त्यातली २३ ग्रॅम खाल्ली गेली आणि सगळ्याची दारू झाली तर वजन ११ ग्रॅमच्या थोडं वर घटायला हवं. साखर २३ ग्रॅम गेली आणि वजन ७ ग्रॅमच घटलं, तर उरलेली साखर गॅस न सोडता गेली, म्हणजे सॉर्बिटॉल-ग्लुकोनिक नाहीतर लॅक्टिक. आणि वजन नीट घटलं पण अल्कोहोल कमी भरलं, तर दारू झाली होती पण उडाली, किंवा ॲसिटाल्डिहाइडवरच अडकली. बाजूला पाण्याचा एक फ्लास्क तसाच नळी लावून ठेव, पाण्याची वाफ किती जाते ते त्यातून कळेल आणि तेवढं वजा कर. एवढं केलंस की ३३ चे तुकडे तुझे तुलाच पाडता येतील.

प्रश्न : पेडण्याला आमची काजूची भट्टी आहे, आजोबांपासून. हल्ली तीन-चार वर्षं नीरो लवकर आंबट होतो आणि तेवढ्याच नीऱ्याची उर्राक (पहिल्या धारेची दारू) कमी पडते. पूर्वी मातीच्या माटांत घालायचो, आता प्लास्टिकचे ड्रम आहेत. कुणीतरी सांगितलं की बॅक्टेरियाची पुडी मिळते, ती घातली की जास्त दारू पडते. घालावी का?

उत्तर : बाब, पुडी घालू नका, आधी ड्रम बघा.

तुमच्या नीऱ्यात साखर १२ टक्के धरली तर त्यातून आकारमानाने पावणेआठ टक्क्यांच्या वर दारू होऊच शकत नाही, कुठलीही पुडी घाला. भाणावर (दारू गाळायच्या भांड्यात) चढवल्यावर ती दाट होते म्हणून उर्राक १५ च्या आसपास आणि फेणी ४२-४५ ला जाते, पण दारू भट्टीत तयार होत नाही, ती आधीच आंबवताना झालेली असते किंवा हरवलेली असते. तुमची हरवतेय.

ही फार जुनी तक्रार आहे. १८५६ साली फ्रान्समध्ये लील शहरात बीटच्या रसापासून दारू करणाऱ्या एका कारखानदाराच्या पिंपांत असंच व्हायला लागलं, दारू होईना आणि रस आंबट. तो लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, चांगल्या पिंपात गोल गोल यीस्ट, बिघडलेल्या पिंपात बारीक काड्या. त्या काड्या म्हणजे लॅक्टिक करणारे बॅक्टेरिया. तुमच्या ड्रममध्ये बहुतेक तेच आहेत. त्यातले काही सगळ्या साखरेचं लॅक्टिक करतात, दारू शून्य. काही अर्धं लॅक्टिक, अर्धी दारू करतात. दोन्हीकडून तोटाच, आणि आंबटपणा वाढला की यीस्टही थकतं.

प्लास्टिकच्या ड्रमला आतून ओरखडे पडलेले असतात, हात फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर गेल्या सालची वस्ती तिथेच आहे. नुसतं पाणी मारून ती निघत नाही. गरम पाणी आणि सोडा घालून ब्रशने घासा, उन्हात कडक वाळवा, फार ओरखडलेला असेल तर बदला. पडलेले बोंडू त्याच दिवशी गोळा करून त्याच दिवशी तुडवायला हवेत, रात्रभर ढिगात राहिले की काड्यांची सुरुवात ढिगातच होते. ड्रम सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ड्रमातला नीरो तापतो, आणि आंबताना तो आतूनही गरम होतो, त्या उष्णतेत यीस्ट मागे पडतं आणि लॅक्टिकवाले पुढे जातात.

आणि थांबू नका. बुडबुडे ओसरले की भाणावर चढवा. नुसतं भट्टीला जागा नाही म्हणून दोन दिवस उघडा राहिला तर वरून ॲसेटिकवाले, म्हणजे व्हिनेगर करणारे बॅक्टेरिया, बसतात. लॅक्टिकवाले साखर चोरतात, हे झालेली दारूच खातात, एक ग्रॅम दारूचं १.३ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड. त्यांना हवा लागते, म्हणून ड्रम काठोकाठ भरा आणि झाकण सैल ठेवा, गॅस जायला वाट पाहिजेच.

पुडीबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. ती पुडी खरंच झायमोमोनसची असेल तर तोच बॅक्टेरिया सायडरमध्ये शिरला की सायडर बिघडतं, १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये बार्कर आणि हिलियर यांनी सायडरच्या त्या आजाराचं कारण म्हणून तो पकडला होता. ॲसिटाल्डिहाइडचा वास आणि कधी सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास. फेणीचा जो वास आहे तो तुमच्या भाटातल्या बोंडवांवरच्या रानटी यीस्टमधून येतो, नीरो वरून काही न घालता आपोआप आंबतो. २००९ मध्ये फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते या पद्धतीसाठी. चार बाटल्या जास्त पडतील या आशेने तो वास घालवू नका हो, तो परत आणता येत नाही.

प्रश्न : म्हापशाहून निवृत्त शिक्षक. आमच्याकडे रेंदेर (माडी काढणारा) सकाळी ताजा सूर (माडी) आणायचा तो गोड, दुपारी तोच चढायचा, दुसऱ्या दिवशी आई त्याचं वीनागर (व्हिनेगर) करायला ठेवायची. यात यीस्ट काम करतं की बॅक्टेरिया?

उत्तर : दोघं, सर, आणि पाळीपाळीने. माडाच्या सुरात साखर बहुतेक सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, असते आणि पोयीतून (माडाच्या फुलोऱ्यातून) थेंब पडायला लागला त्या क्षणापासून आंबायला सुरुवात, म्हणून नीरा गोड ठेवायची असेल तर भांड्याला आतून चुना लावतात. ताडी-माडीत, इथेही आणि आफ्रिकेतही, यीस्टच्या जोडीला तोच झायमोमोनस सापडतो ज्याच्याबद्दल वर लिहिलं. पहिल्यांदा तो नीट ओळखला गेला तो १९२० च्या दशकात मेक्सिकोत, घायपाताच्या जातीच्या झाडाच्या रसापासून केलेल्या पुल्के नावाच्या दारूत, पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाकडून.

सुक्रोजवर मात्र त्याचं यील्ड घसरतं. सुक्रोज फोडताना तो फ्रुक्टोजचे तुकडे एकाला एक जोडून लेवान नावाची लांब साखळी करतो, त्याने रस थोडा दाटसर, चिकट होतो. ती साखळी म्हणजे न झालेली दारू. ताडीचा पांढुरका रंग मात्र मुख्यतः त्यात तरंगणाऱ्या कोट्यवधी पेशींचा. दिवसभरात सूर चार-पाच टक्क्यांपर्यंत जातो आणि मग ॲसेटिकवाल्यांची पाळी. तुमच्या आई जे करायच्या ते म्हणजे त्यांना मुद्दाम हवा देणं. भट्टीवाल्याचा तोटा तो विंदालूवाल्याचा फायदा.

प्रश्न : झायमोमोनस एवढा चांगला आहे तर पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल सगळे कारखाने यीस्टनेच का करतात? आता तर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) झालंय. (फोंडा)

उत्तर : कारण कारखान्यात ग्लुकोजचं पाणी येत नाही, मळी येते नाहीतर धान्य. मळीत क्षार भरपूर असतात आणि झायमोमोनसला मीठ सोसत नाही, दोन टक्क्यांच्या आसपास मिठात तो बसूनच जातो. मळीतली साखर मुख्यतः सुक्रोज, म्हणजे परत लेवान आणि सॉर्बिटॉल. यीस्ट आंबट पीएचमध्ये, ४ ते ४.५ ला, मजेत चालतं, आणि हजारो लिटरच्या टाकीत, जी ऑटोक्लेव करता येत नाही, तिथे हा आंबटपणाच राखण करतो. वर उरलेलं यीस्ट जनावरांच्या खाद्यात जातं. हे सगळं धरलं तर पाच टक्के जास्त यील्डसाठी कुणी यीस्ट सोडत नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं.

बॅक्टेरियाची खरी जागा आहे ती पेंढा, बगॅस (उसाचं चिपाड), मक्याची ताटं अशा मालात, कारण त्यातली झायलोज ही साखर साधं यीस्ट खात नाही. साधा झायमोमोनसही खात नाही म्हणा, १९९५ मध्ये अमेरिकेत त्याच्यात जनुकं घालून त्याला खायला शिकवलं. ई. कोलाय हा आतड्यातला बॅक्टेरिया सगळ्या साखरा खातो पण दारू कमी करतो, आणि का ते सांगण्यासारखं आहे. त्याच्या स्वतःच्या रस्त्याने एक अल्कोहोल करायला चिल्लर दुप्पट लागते, दोन एनएडीएच, आणि साखर फोडताना तेवढी मिळत नाही. मग अर्धा माल त्याला ॲसिटेट म्हणून टाकून द्यावा लागतो, म्हणजे यील्डला वरूनच अर्ध्यावर कुलूप, कितीही खुराक घाला, कितीही तापमान सांभाळा. फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इंग्राम यांनी १९८७ मध्ये झायमोमोनसची दोन जनुकं ई. कोलायमध्ये घातली, शेवटच्या त्या दोन पायऱ्या, एका एनएडीएचमध्ये होणाऱ्या, आणि कुलूप उघडलं. त्या कामाला १९९१ मध्ये जे अमेरिकन पेटंट मिळालं त्याचा नंबर बरोबर ५० लाख.

पण पेंढा शिजवताना ॲसेटिक ॲसिड आणि फरफ्युरल नावाचं रसायन सुटतं, ते बॅक्टेरियाला जाचतं, आणि तिथे यील्ड परत खाली येतं. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्युपाँटने झायमोमोनस वापरून मक्याच्या ताटांचा मोठा कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि दोन वर्षांत त्या धंद्यातून माघार घेतली.

प्रश्न : माझा मुलगा मडगावला बारावीला आहे, त्याने विचारलं की क्लॉस्ट्रिडियम या बॅक्टेरियापासून ब्युटानॉल हे अल्कोहोल मिळतं तर ते पेट्रोलला जास्त जवळचं, मग ते का करत नाहीत?

उत्तर : त्याला सांगा की करत होते. पहिल्या महायुद्धात चाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने, जे पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम वापरून दारूगोळ्यासाठी ॲसिटोन काढलं. त्यात ॲसिटोन, ब्युटानॉल, इथेनॉल साधारण ३:६:१ असं मिळतं. अडचण अशी की ब्युटानॉल पेशीच्या आवरणात इथेनॉलपेक्षा खूप जास्त घुसतं, लिटरला १२-१३ ग्रॅम झालं की काम बंद. इथे दोन हद्दी आहेत. एक यील्डची, कारण हा बॅक्टेरिया हायड्रोजन सोडतो आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉन उडून जातात, शिवाय आधी ॲसिड करतो आणि मग त्याचं सॉल्व्हंट, म्हणजे ॲसिटोन-ब्युटानॉल, मधल्या वळणावर कधी कधी ॲसिडमध्येच अडकून पडतो. दुसरी दाटपणाची, एक टक्का ब्युटानॉल वेगळं काढायला ९९ टक्के पाण्याबरोबर झटापट करायची, त्याला लागणारं इंधनच परवडत नाही. फेणीच्या भट्टीवाल्याला विचारा, सात टक्क्यांचा नीरो आणि चार टक्क्यांचा नीरो यांना लाकूड किती फरकाने लागतं, तो बोटांवर सांगेल.

मुलाला प्रयोग करून बघायचा असेल तर ब्युटानॉलचा घरी नको. बाटलीत साखरेचं पाणी आणि बेकरीचं यीस्ट, तोंडाला फुगा, रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन, फुगा काढून. १०० ग्रॅम साखर एक लिटर पाण्यात घातली आणि चार-पाच दिवसांत वजन ४५ ग्रॅमच्या आसपास घटलं तर यीस्टने काम चोख केलंय. कमी घटलं तर चव घ्यायची नाही, वास घ्यायचा आणि मला लिहायचं.